दादींच्या ताटलीतले दोन घास

आमच्या मुलीला पुण्यात नोकरी लागली. पहिला पगार हातात आला तेव्हाच तिने फोनवर सांगून टाकले, "सुट्टीत घरी आले की सगळ्यांना नागपूरला जेवायला नेणार. साध्या हॉटेलात नाही, युरोपियन पद्धतीच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये." आम्ही वर्धेची माणसे. बाहेर जेवायचे म्हणजे बिर्याणी, फार तर मुलांच्या हट्टाखातर चायनीज. दादी म्हणाल्या, "एवढा खर्च कशाला, बेटा? मी घरीच पुलाव करते." पण नात ऐकेना. तिने आठ दिवस आधी टेबल राखून ठेवले. "चिकन हलाल असते ना?" असे फोनवर विचारलेही. पलीकडून "हो" असे उत्तर आले. मग सेलू, केळझर, बुटीबोरी करत आम्ही पाच जण नागपूरला पोहोचलो.

आत मंद उजेड होता, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ होते आणि प्रत्येकापुढे काटे-चमच्यांची रांग. मेनूकार्ड इंग्रजीत, त्यातही निम्मे शब्द फ्रेंच आणि इटालियन. वेटर इंग्रजीतच बोलत होता. ठरलेले पाच पदार्थ, माणशी २,८०० रुपये. सुरुवातीला परातीएवढ्या ताटलीत चार चमचे सूप आले. त्यानंतर पाऊण तास काहीच नाही. दादींना मधुमेह आहे, वेळेवर खावे लागते. पाव मागवला, तर त्याचे पैसे वेगळे लागतील असे सांगण्यात आले.

मग चिकन आले. दादींनी बिस्मिल्लाह म्हणून दोन घास खाल्ले. तेवढ्यात आमच्या मुलाने सहज विचारले, "या सॉसमध्ये काय आहे?" वेटर मोठ्या अभिमानाने म्हणाला, "व्हाइट वाइन आणि क्रीम."

दादींनी काटा खाली ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत. पाण्याचा ग्लास उचलला आणि मान खाली घालून बसून राहिल्या. मुलीचा चेहरा पाहवत नव्हता. तिने वेटरला सांगितले, "मी फोनवर हलाल आहे का, हे विचारले होते." मॅनेजर आले. "चिकन हलालच आहे मॅडम. आणि वाइन शिजताना उडून जाते." दुसरे काही देता येईल का, तर ठरलेल्या मेनूत बदल होत नाही. शेवटचा गोड पदार्थ तिरामिसू होता. तोवर आम्ही शहाणे झालो होतो. विचारले, तर त्यात रम निघाली.

बिल आले. जेवणाचे १४,०००, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज १,४००, आणि या दोन्हींवर पाच टक्के जीएसटी ७७०. एकूण १६,१७०. दादी उपाशी, मुलगी रडवेली. आम्ही मुकाट्याने पैसे भरू दिले. एवढ्या भारी ठिकाणी हुज्जत घालायची लाज वाटली.

ती लाज चुकीची होती, हे नंतर कळले. आपल्या वाचक भगिनी-बंधूंवर अशी वेळ येऊ नये म्हणून आम्ही जे जाणून घेतले ते इथे सांगतो.

पहिली गोष्ट वाइनची. वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. त्यामुळे जेवणाच्या पदार्थात दारू असू शकते, हे आमच्या मनातच आले नाही. युरोपच्या स्वयंपाकात मात्र वाइन ही आपल्याकडच्या चिंचेच्या कोळासारखी नेहमीची वस्तू आहे. सॉस, रिसोतो नावाचा इटालियन भात, मटणाचे रस्से यांत ती पडते. तिरामिसूत बहुधा रम किंवा मार्साला वाइन असते. "उडून जाते" हे म्हणणेही पुरते खरे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे पदार्थ पंधरा मिनिटे शिजवला तर घातलेल्या अल्कोहोलपैकी सुमारे ४० टक्के उरते, तासभर शिजवला तर २५ टक्के, आणि अडीच तासांनीही ५ टक्के. वरून ओतून पेटवले, तर ७५ टक्क्यांपर्यंत राहते.

म्हणून फक्त "हलाल आहे का?" एवढे विचारून भागत नाही. समोरचा माणूस कोंबडी कशी कापली, एवढ्यापुरते उत्तर देतो. वाइन, रम, लिकर आहे का, जिलेटिन कशाचे आहे, डुकराची चरबी किंवा बेकन त्याच कढईत पडते का, हे एकेक करून विचारावे. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने बनते. त्याबद्दल उलमांची मते सारखी नाहीत, तेव्हा आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे.

दुसरी गोष्ट सर्व्हिस चार्जची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये आणि देणे न देणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे हे त्याला सांगावे, असे त्यात आहे. हॉटेलांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या. त्यावर अपील झाले आहे. पण बिल पाहून "हा चार्ज काढा" असे शांतपणे म्हणायला कुणीही संकोच करू नये. काढला नाही, तर बिल जपून ठेवावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. जीएसटी मात्र सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो.

हे सारे वाचताना आणखी एक मजेची गोष्ट सापडली. एकामागून एक पदार्थ वाढण्याची ही रीत आपण साहेबाची समजतो. पण नवव्या शतकात बगदादहून स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात गेलेल्या झिरयाब या गवयाचे नाव तिच्याशी जोडले जाते. आधी सूप, मग मांस, शेवटी गोड हा क्रम त्याने तिथल्या दरबारात रूढ केला, असे परंपरा सांगते. सोन्या-चांदीच्या पेल्यांऐवजी काचेचे पेले वापरायला त्यानेच लोकांना शिकवले, असेही म्हणतात. तेव्हा ती रीत आपल्याला परकी नाही, आणि तिच्यापुढे बुजून बसायचे कारणही नाही. परका वाटला तो तिथला रूक्षपणा. आपल्या दस्तरखानावर पाहुणा काय खातो, काय खात नाही, हे आधी विचारतात. पथ्य असलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधी वाढतात.

चूक आमचीही होती. कुरआनात इस्राफाला, म्हणजे उधळपट्टीला, मनाई आहे. एका जेवणाला सोळा हजार ही उधळपट्टीच, हे आम्ही मुलीला आधीच प्रेमाने सांगायला हवे होते. तिच्या हौसेपुढे आम्ही गप्प बसलो.

परतताना सेलूला चहासाठी थांबलो. दादींनी गरम आलूबोंडा खाल्ला. मुलगी गाडीतून उतरलीच नाही. दादी दोन आलूबोंडे घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "बेटा, तू मला जेवायला नेलेस, ते अल्लाहने पाहिले आहे. सॉसचा हिशेब सॉस करणाऱ्याकडे."

तरी त्यांच्या मनात ते दोन घास सलत होतेच. दुसऱ्या दिवशी आम्ही मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, नकळत घडले त्याचा गुन्हा नाही. कळताच त्या थांबल्या, हेच त्यांचे काम होते. हे ऐकल्यावर दादी निर्धास्त झाल्या.

पुढच्या सुट्टीत मुलगी पुन्हा पगारातून खर्च करणार आहे. या वेळी यादी दादींनी केली आहे: तांदूळ, मटण, दही आणि शेजारच्या तीन घरांना जेवणाचे बोलावणे.