फवारणाऱ्याला काय विचारायचं?

लेखमाला : सवय, समज आणि संमती (भाग 6)

‘फवारणी करताना तुम्ही तोंडाला मास्क बांधता का? नेहमी / कधी कधी / कधीच नाही.’

सार्वजनिक आरोग्याच्या कुठल्याही सर्वेक्षणात सहज खपून जाईल असा हा प्रश्न. माहिती, मत आणि वागणूक मोजणाऱ्या ज्या प्रश्नावल्या मागच्या भागात पाहिल्या, त्याच पठडीतला. आज तो घेऊन यवतमाळला जाऊ, आणि 2017 च्या पऱ्हाटीत उभं राहून पुन्हा वाचू.

त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. छातीला, कुठे कुठे डोक्यालाही लागत होती. गुलाबी बोंडअळी बीटी वाणाला जुमानत नव्हती, म्हणून फवारण्या वाढल्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मळमळ, धाप, अंधुक झालेली नजर अशा तक्रारी घेऊन शेतकरी आणि शेतमजूर येऊ लागले. आकडा शेकड्यांत गेला. जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं दगावली. सरकारने मृतांच्या वारसांना 2 लाख रुपये जाहीर केले आणि अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. तोवर गावात, कचेरीत, टीव्हीवर एक उत्तर तयारच होतं : मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, यांनी काळजी घेतली नाही.

आता ते काम जवळून बघा. भरलेला पंप पाठीवर, म्हणजे पंधरा-वीस किलोचं ओझं. औषधाच्या बाटलीचं झाकण हेच माप, आणि द्रावण ढवळायला हाताशी असेल ती काडी. एका औषधाने अळी हटत नाही म्हणून दोन-तीन औषधं एकत्र केलेली, त्यात वाढीचं टॉनिकही. पट्टा खांद्यावर, नळी वर धरलेली. कारण झाडच उंच. बॅटरीवरच्या पंपाचा फवारा धुक्यासारखा बारीक, तो वर जातो आणि वळून तोंडावर येतो. सकाळी नऊलाच सदरा भिजलेला असतो, निम्मा घामाने, निम्मा औषधाने. अशा उकाड्यात नाकावर कापड घट्ट बांधलं तर दोन ओळींतच दम लागतो. शिवाय मजुरी बऱ्याच ठिकाणी पंपावर ठरते : जितके पंप रिकामे, तितके पैसे. थांबून तोंड धुणं म्हणजे पैसे सोडणं.

मास्कच्या प्रश्नाला हा माणूस ‘कधीच नाही’ म्हणतो. सर्वेक्षण त्याच्यापुढे शून्य लिहितं आणि अहवालात वाक्य येतं : जागृतीचा अभाव.

इथे सिद्धांताकडे वळायला हवं, कारण हे शून्य आकाशातून पडलेलं नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या मानसशास्त्रज्ञांपुढे एक कोडं होतं. क्षयरोग तपासायला एक्स-रेच्या गाड्या गल्लीपर्यंत येतात, तपासणी फुकट आहे, तरी लोक येत नाहीत, असं का? गॉडफ्रे हॉकबाम, अर्विन रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेलं उत्तर ‘आरोग्यविषयक विश्वासांचं प्रारूप’ म्हणून ओळखलं जातं. मला हा रोग होऊ शकतो असं वाटतं का? झाला तर किती वाईट? उपाय केला तर फायदा काय? आणि उपायाच्या आड काय येतं? या चार गोष्टींचा मेळ बसला की माणूस वागणं बदलतो, असा तो तर्क.

प्रारूप वाईट नाही. पण यातली पहिली तीन कलमं माणसाच्या डोक्यात असतात आणि चौथं बरंचसं शेतात असतं. पत्रक, पोस्टर, शिबिर यांनी पहिल्या तिघांना हात लावता येतो, म्हणून कार्यक्रम त्यांच्यावर बेतले जातात. पंपावरची मजुरी, उंच झाड, कृषी केंद्रावरची उधारी आणि ‘काय मारू?’ या प्रश्नाला तिथूनच मिळणारा सल्ला, हे सगळं ‘अडथळे’ नावाच्या एका चौकटीत कोंबलं जातं. ती चौकट बहुधा प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर असते. तिथे पोचेपर्यंत विचारणाराही थकलेला असतो.

ही माझी एकट्याची कुरकुर नाही. यावर पुरावा आहे, आणि तो आला कीटकनाशकांच्या धंद्यातूनच. नोव्हार्टिस या स्विस कंपनीच्या प्रतिष्ठानाने 1990 च्या दशकात भारत, मेक्सिको आणि झिम्बाब्वे इथे सुरक्षित फवारणीची मोहीम राबवली. भारतातला जिल्हा तमिळनाडूतला कोइम्बतूर. शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं, समजावलं, माहिती आणि वागणूक मोजत राहिले. 2000 साली जॉन अॅटकिन आणि क्लाउस लायझिंगर यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. इतकं शिकवूनही बऱ्याच जणांनी सवयी बदलल्या नाहीत, असं त्यांनी नोंदवलं. आणि सर्वांत जहाल वर्गातल्या औषधांचा सुरक्षित वापर कंपनीला हमखास करून घेता येत नसेल, तर तिने ती औषधं बाजारातून काढून घ्यावीत, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी नोव्हार्टिसचा शेतीऔषधांचा विभाग झेनेकाच्या तशाच विभागाशी जोडून सिंजेंटा जन्मली. पुढे सप्टेंबर 2020 मध्ये यवतमाळच्या 51 कुटुंबांच्या वतीने याच सिंजेंटाच्या ‘पोलो’ या औषधाबद्दल स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली. दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी बाझलच्या न्यायालयात गेले. आपलं औषध जबाबदार असल्याचं कंपनीने नाकारलं.

प्रश्न कसा घातला यावर दोष कुणाच्या गळ्यात पडणार हे ठरतं, म्हणून प्रश्न निवडणं हीच संशोधनातली पहिली नैतिक कृती आहे असं मी मानतो. संमतीपत्राची पाळी नंतर. अर्थात तिथेही यवतमाळ सोपं नाही. वॉर्डातल्या खाटेवरच्या मजुराकडे डॉक्टर येतात, तलाठी येतो, पत्रकार येतात, कुणी संस्थेचं येतं. सगळ्यांच्या हातात वही, सगळे तेच विचारतात : कुठलं औषध, कोणाचं शेत, मास्क होता का. यातल्या कोणत्या वहीत नाव आलं की मदत मिळणार, हे त्याला कळणार कसं? ‘भाग घ्यायचा नसेल तर नाही म्हणा’ हे वाक्य छापील असतं. नाही म्हणायची मोकळीक छापील नसते. औषधाची पावती तर त्याच्याकडे नसतेच, ती मालकाच्या नावावर. मालकाचं नाव सांगावं, तर पुढच्या हंगामात काम कोण देणार?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याच 2017 साली मानवी सहभागाच्या संशोधनासाठी नवी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. सुई न टोचताही इजा होऊ शकते, हे त्यात गृहीत आहे : बदनामी, रोजगार जाणं, नको त्या आठवणी पुन्हा उकरल्या जाणं. नैतिकता समितीपुढे प्रस्ताव येतो तेव्हा सदस्य संमतीपत्राची भाषा तपासतात, गोपनीयता तपासतात. प्रश्नावली मात्र बहुतेकदा ‘जोडपत्र’ म्हणून मागे टाचलेली असते.

मी समितीवर असतो तर तो मास्कचा प्रश्न खोडला नसता, फक्त त्याच्या आधी चार घातले असते. पंपामागे किती मिळतात? औषध कोणी आणलं, आणि कोणाच्या सांगण्यावरून? झाड तुमच्या खांद्याच्या वर होतं का? हात-तोंड धुवायला शेतात पाणी होतं का, की होतं ते सगळं पंपात गेलं?

पुढच्या आठवड्यात गडचिरोलीत : डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग 39 गावांत केला, आणि तुलनेसाठी 47 गावं ठेवली. त्या 47 गावांचं देणं काय लागतं?