तेवीस एप्रिल : एक तारीख, अनेक दिवस

युनेस्कोच्या १९९५ साली पॅरिसमध्ये भरलेल्या सर्वसाधारण परिषदेने २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन म्हणून मुक्रर केला, तेव्हा या तारखेची सांगड शेक्सपिअर आणि ‘डॉन किहोते’चा कर्ता सर्व्हान्तेस यांच्या १६१६ मधील मृत्यूंशी घातली गेली. इंग्रजी आणि स्पॅनिश साहित्याचे दोन आधारस्तंभ एकाच दिवशी कोसळले, ही कल्पना मनाला भिडणारी असली, तरी कालगणनेच्या कसोटीवर ती टिकत नाही.

ज्युलियन पंचांगातील वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे होते आणि हा फरक साचत जाऊन सोळाव्या शतकापर्यंत १० दिवसांचा झाला होता. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली तो दूर केला, त्यासाठी स्पेनसह काही देशांत ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर ही तारीख धरण्यात आली. मात्र रोमच्या धर्मसत्तेशी फारकत घेतलेल्या इंग्लंडने ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे शेक्सपिअर ज्या २३ एप्रिलला वारला, त्या दिवशी माद्रिदमध्ये ३ मे उजाडलेला होता. सर्व्हान्तेसचे निधन तर २२ एप्रिललाच झाले होते आणि २३ ही त्याच्या दफनाची तारीख आहे, म्हणजे दोन्ही मृत्यूंमध्ये ११ दिवसांचे अंतर पडते. शेक्सपिअरची जन्मतारीखही २३ एप्रिलच मानली जाते, पण स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४ रोजी झालेल्या बाप्तिस्म्याची, आणि तीवरून मागे मोजून ही तारीख ठरवलेली आहे. शिवजयंतीच्या निमित्ताने तिथी आणि तारखेचा वाद परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा घोळ अपरिचित वाटू नये. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखसुद्धा ज्युलियन गणनेतीलच आहे आणि ग्रेगरियन गणनेने तो दिवस १ मार्च ठरतो.

वर्ड्सवर्थ १८५० मध्ये आणि सत्यजित राय १९९२ मध्ये याच तारखेला निवर्तले, हे खरे असले तरी त्यातून काही निष्पन्न होत नाही. एका तारखेखाली आलेल्या घटना बहुधा एकमेकींना अनोळखीच असतात. तरीही २३ एप्रिल १८५८ या एका दिवसापाशी थांबणे आवश्यक आहे, कारण तेथे पंचांगाची कोणतीही कसरत न करता तीन घटना खरोखर एकाच दिवशी घडलेल्या आढळतात.

बिहारमध्ये जगदीशपूर येथे, सुमारे ऐंशी वर्षांचे कुंवरसिंह यांनी त्या दिवशी कंपनी सरकारच्या तुकडीचा पराभव केला; ती त्यांची अखेरची लढाई ठरली, कारण जखमी झालेला हा योद्धा तीनच दिवसांनी, २६ एप्रिलला, मरण पावला. उत्तर जर्मनीतील कील शहरात त्याच दिवशी माक्स प्लांक जन्मला, ज्याने १९०० साली ऊर्जा अखंड प्रवाहासारखी नव्हे, तर ठरावीक मापाच्या सुट्या पुंजांत दिली-घेतली जाते, हे गृहीतक मांडून पुंजभौतिकीचा पाया घातला. आणि सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे व लक्ष्मीबाई यांच्या पोटी पंडिता रमाबाईंचा जन्म झाला.

पुस्तक दिनाच्या दृष्टीने या तिघांत रमाबाईंचा मान सर्वांत मोठा आहे आणि मराठी भाषकांनी तो अगत्याने ओळखायला हवा. स्त्रीने संस्कृत शिकणे अधर्म मानले जात असताना अनंतशास्त्रींनी पत्नीला ती विद्या दिली, आईने ती मुलीला दिली, आणि याच विद्वत्तेमुळे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ हे रमाबाईंचे मराठी पुस्तक १८८२ मध्ये निघाले, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढे पुण्याजवळच्या केडगावी मुक्ती मिशनचा पसारा वाढला, तेव्हा तेथे छापखानाही आला. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर तडीस नेले, आणि ते छापण्याच्या कामाला त्याच छापखान्यात मिशनमधल्या स्त्रियांचे हात लागले.