कोरे कापड आणि वाहता रंग

अमूर्त चित्रासमोर उभे राहिले की बहुतेकांच्या तोंडून एकच उद्गार निघतो : “यात काय विशेष? हे तर मीही काढीन!” वर्गात एकदा अशाच एका चित्राची छापील प्रत दाखविली, तेव्हा एका विद्यार्थ्याने हेच म्हटले. त्या वेळी चित्राचा अर्थ सांगण्याच्या भरात ते तयार कसे झाले, हे सांगायचेच मी विसरले. ते येथे सांगते.

चित्राचे नाव ‘आल्फा-पाय’, चित्रकार अमेरिकेतील मॉरिस लुई, साल १९६०. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते आहे. दोन्ही कडांकडून निरनिराळ्या रंगांचे ओघळ तिरपे खाली उतरले आहेत आणि मधला भला मोठा भाग अगदी कोरा आहे, नुसते कापड!

हा कोरेपणा तैलरंगांना सहजी परवडणारा नव्हे. तैलरंगातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सावकाश घट्ट होते. परंतु तेच तेल कोऱ्या कापडात मुरले, तर कालांतराने धागे ठिसूळ होऊन कापड कुजू लागते. म्हणून चित्रकार आधी कापडाला सरस लावीत, त्यावर अस्तर चढवीत आणि मगच रंगाला हात घालीत. रंग कापडावर बसे, कापडात शिरत नसे. १९५२ साली हेलन फ्रँकेंथेलर या तेवीस वर्षांच्या चित्रकर्तीने ही रीत मोडली. जमिनीवर अंथरलेल्या कोऱ्या कापडावर तिने टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग ओतला. रंगाभोवती तेलाची वलये उमटली, ती त्या चित्रात आजही दिसतात. पुढल्याच वर्षी लुईने ते चित्र पाहिले.

त्याच्यापाशी मात्र अ‍ॅक्रिलिक रंग होता. अ‍ॅक्रिलिक म्हणजे कारखान्यात बनविलेले, राळेसारखे एक द्रव्य. त्यातील पातळ द्रव उडून गेला की रंगकणांना धरून ठेवणारा पारदर्शक पापुद्रा तेवढा उरतो. लुईचा ‘मॅग्ना’ नावाचा रंग टर्पेंटाइनमध्ये विरघळे. आज दुकानात मिळणाऱ्या नळ्यांतील अ‍ॅक्रिलिक पाण्यात मिसळते, पण एकदा वाळले की पुन्हा पाण्याने सुटत नाही. तुमच्या जलरंगाहून त्याचे वेगळेपण येथेच आहे. (कागदावर ते वापरणार असाल, तर कागदाच्या चारही कडा चिकटपट्टीने फळीला घट्ट बसवा, नाहीतर ओला कागद फुगून सुरकुततो.)

आता लुईची चित्रशाळा पाहू. ती म्हणजे वॉशिंग्टनमधील त्याच्या घराची जेवणाची खोली. १२ फूट रुंद, १४ फूट लांब. पत्नी दिवसा कामावर जाई, तेवढ्या वेळात तो रंगकाम करी आणि ती परतण्यापूर्वी सारे आवरून ठेवी. काम करताना तो कोणालाही आत घेत नसे. कापड चौकटीवर सैल अडकवून, त्याला घड्या व उतार देऊन तो रंग ओतीत असावा, असे चित्रांवरील खुणांवरून जाणकार सांगतात. ‘आल्फा-पाय’ची लांबी सुमारे १४ फूट ९ इंच, म्हणजे खोलीहूनही अधिक! ते तेथे सरळ पसरून पाहणेही शक्य नव्हते.

शिवाय कोऱ्या कापडात मुरलेला रंग पुसता येत नाही, खरवडता येत नाही, पांढऱ्या रंगाखाली लपविताही येत नाही. एक ओघळ चुकला की सारे कापड वाया. गेल्या सुट्टीत मी जुन्या चादरीच्या तुकड्यावर हा प्रयोग करून पाहिला. तीन रंग तीन वाटांनी जावेत अशी माझी इच्छा होती. तिघांनी मिळून एक चिखली डाग केला. लुईने तर १९५५ ते १९५७ या काळातील आपली पुष्कळशी चित्रे स्वतःच नष्ट केली.

१९६२ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने तो वारला. टर्पेंटाइनच्या वाफेत काढलेल्या वर्षांशी त्याच्या आजाराचा संबंध अनेकांनी जोडला आहे. घरात शेकडो कापडे गुंडाळलेली सापडली. ती चौकटींवर ताणण्याचे काम इतरांना करावे लागले. काही चित्रांची वरची बाजू कोणती, हेदेखील त्यांनाच ठरवावे लागले.