कीर्द दहाची, खतावणी दहा-पाचची : कन्सिस्टन्सी ग्रुप कशासाठी?

गेल्या भागात आपण स्नॅपशॉट म्हणजे काय ते पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी, कन्सिस्टन्सी ग्रुप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

मी नवी मुंबईत स्टोरेजवर काम करतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या ज्या पट्ट्यात कारखाने होते, तिथंच आता ऐरोली, रबाळे, महापे भागात डेटा सेंटर्स उभी आहेत. अशा ठिकाणी 'डेटाची कॉपी आहे का?' असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा 'हो' असंच येतं. पण विचारायचं असतं ते वेगळंच : सगळ्या कॉप्या एकाच क्षणाच्या आहेत का?

दुकानातली जुनी पद्धत आठवा. व्यवहार झाला की आधी कीर्दीत नोंद, मग ती खतावणीत. डेटाबेसही हेच करतो. बदल आधी लॉगमध्ये लिहितो आणि मग मूळ डेटात. मोठ्या यंत्रणेत लॉग एका व्हॉल्यूमवर असतो, डेटा दुसऱ्या चार-पाच व्हॉल्यूमवर.

आता समजा, कीर्दीची झेरॉक्स दहा वाजता काढली आणि खतावणीची दहा वाजून पाच मिनिटांनी. खतावणीत अशा नोंदी सापडतील ज्यांचा कीर्दीत पत्ताच नाही. रमेशच्या खात्यातून पाच हजार गेलेत, पण कुठल्या व्यवहारात ते कळायला मार्ग नाही. दोन्ही झेरॉक्स स्वच्छ आहेत, एकही पान फाटलेलं नाही, तरी हिशेब लागत नाही. डेटाबेसचंही तसंच होतं. डेटा पुढचा आणि लॉग मागचा असेल, तर तो सुरूच व्हायला नकार देतो. किंवा सुरू होतो आणि चुकीची शिल्लक दाखवतो, जे त्याहून वाईट.

यावर उपाय म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेले व्हॉल्यूम एका गटात बांधायचे. हाच कन्सिस्टन्सी ग्रुप. स्नॅपशॉट घ्यायचा झाला की स्टोरेज गटातल्या सगळ्या व्हॉल्यूमवरचं लिखाण क्षणभर थोपवतं, सगळीकडे एकदम खूण करतं आणि लिखाण पुन्हा सोडतं. ॲप्लिकेशनला बहुधा कळतही नाही. अशी कॉपी म्हणजे अचानक वीज गेल्यावर डिस्कवर जे उरेल, अगदी तसं चित्र. डेटाबेस अशा धक्क्यातून सावरण्यासाठीच बनवलेले असतात, त्यामुळे लॉग वाचून ते उभे राहतात.

कॉपी दूरच्या शहरात पाठवायची असली की गोष्ट अवघड होते. फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटर जायला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. १०० किलोमीटर जाऊन-येऊन १ मिलिसेकंद, ५०० किलोमीटरला ५. प्रत्येक लिखाणाला तेवढं थांबवणं परवडत नाही, म्हणून दूरची कॉपी थोडी मागे चालते. मागे असलेली चालते, पण क्रम मोडलेला चालत नाही. म्हणून गटातली लिखाणं गठ्ठ्यानं पाठवतात आणि पलीकडे पूर्ण गठ्ठा पोचल्यावरच तो लावतात.

लिंक तुटते तेव्हा गटाची खरी गरज कळते. दोन व्हॉल्यूमची लिंक आधी गेली, उरलेल्या दोघांची मिनिटभरानं. गट नसेल तर पलीकडे दोन व्हॉल्यूम जुने आणि दोन नवे राहतात. गट असेल तर एक अडकला की चौघांचं पाठवणं एकदम थांबतं. कॉपी जुनी असेल, पण खरी असेल.

लिंक जाणं ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईवरचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ ला सुरू झाले. बाजार त्या दिवशी ५ वाजेपर्यंत चालवावा लागला. टेलिकॉम लिंकमधल्या बिघाडामुळे जोखीम व्यवस्थापनाची यंत्रणा बंद पडली होती, आणि नंतरच्या खुलाशात स्टोरेजचाही उल्लेख होता. तिथं गटात गडबड होती असं मी म्हणत नाहीये. पण सेबीनं तेव्हा विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे : व्यवहार आपत्कालीन केंद्रावर का हलवले नाहीत? मार्च २०२१ मध्ये सेबीनं अशा संस्थांसाठी नियमही कडक केले. केंद्र हलवण्याचा निर्णय मिनिटांत घ्यायचा, तर पलीकडच्या कॉपीवर आधीच भरवसा हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गटात कोण, हे स्टोरेजला कळत नाही. त्याला सगळे व्हॉल्यूम सारखेच. जागा संपली म्हणून कुणी लॉगसाठी नवा व्हॉल्यूम जोडतो आणि तो गटात घालायचा राहतो. डॅशबोर्ड हिरवाच राहतो. एका ग्राहकाकडे मी हे सरावाच्या दिवशी पाहिलंय. सराव होता म्हणून ठीक.

तेव्हा तुमच्या टीमला तीन गोष्टी विचारा. लॉग आणि डेटा एकाच गटात आहेत का? नवा व्हॉल्यूम जोडण्याच्या यादीत 'गटात घाला' ही ओळ आहे का? आणि शेवटचं, कॉपीवरून डेटाबेस खरोखर सुरू करून कधी पाहिलाय?

एक मर्यादाही सांगून ठेवतो. चुकून उडवलेला तक्ता पलीकडेही तितक्याच इमानदारीनं उडतो. त्यासाठी जुने स्नॅपशॉट आणि वेगळा बॅकअप लागतोच. बॅकअपवर पुढच्या भागात बोलू. तोवर तुमचे प्रश्न पाठवत राहा.