डोंगरवाटेवरील सायकल : वेगापेक्षा आवर मोठा

दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीची पहाट. पुण्याच्या पेठांत अजून केवळ दूधवालेच जागे झालेले असतात. अशा वेळी एखाद्या व्यापारी कुटुंबातील चाळिशीचा गृहस्थ घरच्यांची झोपमोड होऊ न देता जिन्यावरून सायकल खाली उतरवतो. जाड, दातेरी टायर, पुढे धक्के शोषणारी यंत्रणा आणि डिस्क ब्रेक असलेली ही डोंगरी सायकल. सहा दिवस गादीवर बसून आखडलेली पाठ आणि उधारी-वसुलीच्या विचारांनी शिणलेले मन बरोबर घेऊन तो टेकडीच्या दिशेने निघतो. त्याला ना पदक मिळवायचे असते, ना कोणाला मागे टाकायचे असते. दोन तासांची मोकळी हवा आणि घामाने हलके झालेले अंग एवढीच त्याची अपेक्षा असते.

या छंदाचा उगमही अशाच हौसेतून झाला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा परगणा आहे. तेथील काही तरुण 1930-40 च्या दशकांतील जुन्या, वजनदार सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावरून चालवीत असत. पेडल उलटे दाबले की मागचे चाक थांबे, असा त्यांचा ब्रेक होता. लांब उतारावर तो इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. यावरूनच त्या वाटेला ‘रीपॅक’ म्हणजे ‘पुन्हा भरणे’ असे नाव पडले. 1976 साली तेथे शर्यती सुरू झाल्या. 1977 मध्ये जो ब्रीझ यांनी अशा वाटांसाठी खास सांगाडा घडविला. 1979 मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी टॉम रिची यांनी घडविलेल्या सायकली विकण्यास आरंभ केला. मोडीतील सायकलींपासून निघालेला हा खेळ 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकपर्यंत पोहोचला.

या खेळाचा पहिला धडा ब्रेकनेच दिला होता, आणि आजही तो तसाच आहे. नवशिक्या उतारावर घाबरून ब्रेक करकचून दाबतो. सुट्या मुरुमावर चाक घसरते आणि तो पडतो. जाणकार वळण येण्यापूर्वीच वेग कमी करतो. दोन्ही पेडल समपातळीत ठेवून तो उभा राहतो, शरीराचा भार किंचित मागे नेतो, कोपरे सैल ठेवतो. त्याची नजर समोरच्या धोंड्यावर खिळत नाही. ती धोंड्याशेजारच्या मोकळ्या जागेवर असते, कारण नजर जाते तिकडेच सायकल जाते. आणि वाट आपल्या कुवतीबाहेरची दिसली, तर तो निमूटपणे उतरून चालू लागतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांचा आक्षेप मात्र बहुधा खर्चावर असतो. तो अगदीच अनाठायी नाही. महागडे सुटे भाग बदलत राहण्याचा मोह या छंदात मोठा आहे. परंतु खर्च आटोक्यात ठेवण्याची रीत व्यापाऱ्याला नव्याने शिकवावी लागत नाही. प्रत्येक फेरीनंतर साखळी पुसून बेताचे तेल दिले आणि झिजलेली साखळी वेळीच बदलली, तर तिच्यापेक्षा महाग असलेली दातेरी चक्रे वाचतात. हेल्मेटच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये.

याहून गंभीर प्रश्न वाटेचा आहे. पहाटे टेकडीवर वृद्ध मंडळी फिरावयास येतात, मुले खेळतात. वळणावरून अचानक भरधाव आलेली सायकल त्यांना दचकवते. मरीनमध्ये याच कारणावरून पादचारी व घोडेस्वार यांच्याशी वाद झाले. ज्या माउंट टॅमलपायसच्या परिसरात हा खेळ वाढला, तेथीलच अनेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद वाटांवरही ताशी 15 मैलांची, म्हणजे सुमारे 24 किलोमीटरची मर्यादा आली. माणसाजवळून जाताना किंवा आंधळ्या वळणावर ती अवघी 5 मैल. काहींच्या अतिवेगाची किंमत सर्वांना मोजावी लागली.

सह्याद्रीत यात पावसाळ्याची भर पडते. ओल्या वाटेवर चाकाने पाडलेली चाकोरी पुढच्या सरीत ओहोळ बनते आणि माती वाहून जाते. शिवाय त्या दिवसांत गोगलगायी, खेकडे, पैसे असे कितीतरी लहान जीव वाटेवर आलेले असतात. वेगात असलेल्या स्वाराला ते दिसतही नाहीत. म्हणून विचारी स्वार जोराच्या पावसानंतर टेकडी टाळतो आणि डांबरी रस्त्यावर समाधान मानतो. एरवीही तो पादचाऱ्याला आधी वाट देतो, चढून येणाऱ्यासाठी थांबतो आणि जेथे सायकलला मनाई आहे तेथे जात नाही.

एखाद्या सुट्टीला असा गृहस्थ टेकडीच्या पायथ्याशी पोहोचतो. रात्रीच्या सरीने वाट चिकट झालेली असते. क्षणभर मन रेंगाळते, कारण पुढची सुट्टी आठ दिवसांनी येणार असते. तरीही तो सायकल वळवतो आणि नेहमीपेक्षा तासभर आधी घरी येतो. मुलगा जागा झालेला असतो. त्या सकाळी बापलेक अंगणात बसून साखळी पुसतात, आणि मुलगा विचारतो, “बाबा, आज वर का नाही गेलात?” त्या प्रश्नाचे उत्तर देताना वडील जे सांगतात, तोच या छंदाचा खरा वारसा.