जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस जो रस्ता सरकारदप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणून नोंदलेला असूनही लोकव्यवहारात अद्याप लॅमिंग्टन रोडच राहिला आहे, त्या रस्त्यावरील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, एका सार्वजनिक वाचनालयाच्या संगणकाचा प्रोसेसर बदलला जात असताना मी ते काम कारागिराशेजारी बसून आरंभापासून अखेरपर्यंत पाहिले. ग्रंथपालांची तक्रार अशी होती की, देवघेवीच्या नोंदी सुरळीत होतात. परंतु जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या पानांतील मजकूर ओळखून तो शोधण्याजोगा करण्याचे जे काम त्यांनी अलीकडे हाती घेतले आहे, त्यात यंत्र तासन्‌तास अडकून पडते, आणि नव्या संगणकाची तजवीज यंदाच्या अंदाजपत्रकात नाही.

कारागिराने प्रथम कॅबिनेट उघडलेच नाही. तेच काम त्याने ग्रंथपालांकडून सुरू करवून घेतले आणि प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपैकी कोण कोणासाठी खोळंबून आहे, हे तो पडद्यावरील आकड्यांत शांतपणे न्याहाळीत बसला. रॅम आठ जीबी होती व निम्मी मोकळी होती. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी पूर्वीच बसलेली होती व ती जवळजवळ स्वस्थ होती. प्रोसेसर मात्र सतत शंभर टक्क्यांवर होता. "दुखणं प्रोसेसरचंच असलं तर बदलून उपयोग, साहेब, नाहीतर पैसे पाण्यात," असे तो म्हणाला. ज्याच्याजवळ खर्चाला पैसा बेताचा असतो त्याच्या बाबतीत ही खातरजमा म्हणजे निम्मे काम होय, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण डिस्कच्या संथपणाला प्रोसेसरचा दोष समजून केलेला खर्च सर्वस्वी व्यर्थ जातो.

बोर्ड एच-६१ चिपसेटचा, सॉकेट ११५५. त्यावर २०११ सालचा कोअर आय-३ २१२०, म्हणजे दोनच कोअर. या सॉकेटमध्ये इंटेलच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर बसतात, त्यामुळे निवडीचे क्षेत्र आधीच आखलेले होते. आय-५ २४०० चार कोअरचा खरा, परंतु त्याची मर्यादा ९५ वॅटची. २०१२ सालचा आय-५ ३४७० हाही चार कोअरचाच असून ७७ वॅटमध्ये भागवतो. आय-७ ३७७० ला चार कोअरवर आठ थ्रेड मिळतात, पण सेकंडहँड बाजारातही त्याचा भाव चढा. नावाअंती ‘के’ असलेल्या प्रोसेसरचा वेग वाढवता येतो, मात्र एच-६१ ला ती मुभा नसल्याने त्या अक्षराचे अधिक पैसे मोजण्यात अर्थ नसतो. आणि सर्वांत सांभाळावयाचे अक्षर ‘टी’: आय-५ ३४७०-टी हा ३५ वॅटचा, दोनच कोअरचा प्रोसेसर आहे. कारागिराने पुडीतून काढलेल्या आय-५ ३४७० च्या झाकणावरील कोरीव अक्षरे भिंगाखाली वाचली, ग्रंथपालांना वाचावयास दिली, आणि मगच सौदा पक्का केला.

त्यानंतरची पायरी अशी की, जिचा क्रम उलटला तर सर्व काम खोळंबते. या बोर्डाचा बायोस तिसऱ्या पिढीपूर्वीचा होता. नवा प्रोसेसर तसाच बसवला असता तर बोर्डाने त्याला ओळखले नसते व डिस्प्ले आला नसता, आणि डिस्प्लेवाचून बायोस बदलणे या बोर्डावर शक्य नव्हते. म्हणून नव्या बायोसची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, त्याच्याकरवी बायोस अद्ययावत करून घेतला. मध्येच वीज गेली तर बोर्ड मेला, म्हणून यंत्र यूपीएसवर ठेवले होते. आणि पडद्यावरील प्रगतीची पट्टी पूर्ण होईपर्यंत कारागीर माझ्याशी एक अक्षर बोलला नाही.

यंत्र गरम असतानाच, म्हणजे हीटसिंकखालची वाळलेली पेस्ट थोडी सैल असताना, त्याने ते बंद केले, वायर काढली, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातील स्थिर विद्युत उतरवली आणि हीटसिंकचे चारही खिळे पाव फेरा फिरवून मोकळे केले. लिव्हर उचलून जुना प्रोसेसर काढताच सॉकेट उघडे पडले. इथे पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात: ११५५ सोनेरी टोके, एकाच दिशेने किंचित वाकलेली, इतकी नाजूक की चिंधीचा धागा अडकला तरी एखादी मोडावी. तिरप्या उजेडात त्याने रांगा तपासल्या. एकही टोक रांगेबाहेर नव्हते. कोपऱ्यावरील त्रिकोण व कडेच्या दोन खाचा जुळवून नवा प्रोसेसर त्याने वरून अलगद सोडला, दाबला नाही. मग लिव्हर खाली नेताना जो करकर आवाज झाला, त्याने मी दचकलो. तो मात्र निश्चिंत होता, कारण तेवढा दाब अपेक्षितच असतो. हरभऱ्याच्या डाळीएवढी पेस्ट मध्यभागी ठेवून, तांब्याचा गाभा असलेला हीटसिंक त्याने कर्णातील खिळे जोडीने दाबून बसवला.

डिस्प्ले पहिल्याच वेळी आला. बायोसमध्ये चार कोअर व ७७ वॅट यांची नोंद पाहून त्याने वाचनालयाचेच मजकूर ओळखण्याचे काम चालू केले आणि तापमान सत्तर अंशांच्या आत स्थिरावेपर्यंत कॅबिनेट बंद केले नाही. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, व विंडोज ११ च्या मान्य यादीत ही पिढी नाही. त्यामुळे ग्रंथपालांनी लिनक्स आधीच बसवून घेतले होते, ही दूरदृष्टी मला आदरणीय वाटली.

"यापुढे फार तर आय-७, साहेब," पावती लिहिताना कारागीर म्हणाला. "पण तोही घेऊ नका. पुढचे पैसे नव्या बोर्डासाठी जमा करा."