घर सजवावे, पण कोणासाठी?

नाताळ जवळ आला, की घराला रंग द्यावा, नवे पडदे घ्यावेत, असे तुमच्याही घरी निघत असेल. मग हात सैल सुटतो आणि गव्हाच्या खताचे पैसे भिंतीला लागतात. ताई, तसे होण्याआधी बायबलमधली शूनेमची बाई आठवा.

तीही शेतकऱ्याच्याच घरची, आणि चांगली सधन. अलीशा संदेष्टा त्या वाटेने जाता-येता तिच्याकडे जेवत असे. तिने नवऱ्याला विचारून धाब्यावर त्याच्यासाठी लहानशी खोली करवली. आत ठेवले काय? खाट, मेज, बसायला आसन आणि दिवा. ऐपत असूनही चारच वस्तू; पण थकल्या पाहुण्याला लागते ते सारे त्यात आले. दुसरे राजे, अध्याय 4 मध्ये ही हकिकत आहे.

तेव्हा यंदा कर्ज काढू नका. चुन्याचा हात द्या. एक कोपरा आल्यागेल्यासाठी राखा: धुतलेली चादर, झाकलेला माठ, वाचता येईल असा दिवा. वचनाची पाटी त्याच कोपऱ्यात लावा. वर्षभर तो कोपरा रिकामा राहू नये, एवढे मात्र पाहा.